डब्यावरचा वेग आणि घरातली भिंत

घरातील संगणकाला वाय-फायशी जोडणारा यूएसबी अडॅप्टर म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या आवरणात बसवलेला दुतर्फी रेडिओसंच होय. संगणकाकडून आलेली माहिती तो रेडिओलहरींवर चढवून राउटरकडे, म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची जोडणी घरातील सर्व उपकरणांत वाटून देणाऱ्या पेटीकडे पाठवतो आणि राउटरकडून आलेल्या लहरींतून माहिती वेगळी काढून ती संगणकाच्या हवाली करतो. लॅपटॉप आणि मोबाइल यांच्यात असा संच आधीपासूनच बसवलेला असतो. टेबलावरच्या जुन्या संगणकात मात्र तो बहुधा नसतो आणि राउटर एका खोलीत तर संगणक दुसऱ्या खोलीत असेल, तर भिंतीला भोक पाडून तार ओढण्यापेक्षा काहीशे रुपयांचा अडॅप्टर लावणे सोयीचे ठरते. कोयनानगर, हेळवाक आणि भोवतालच्या वाड्यांतील ग्राहक अशी खरेदी पाटण, कराड किंवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या दुकानांत करतो आणि ती करताना त्याची नजर डब्यावर ठळक छापलेल्या वेगाच्या आकड्यावर खिळते. प्रत्यक्षात तो आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा असतो. जोडणी चांगली चालेल की नाही हे घराची भिंत, छपराचा पत्रा, संगणकामागची जागा आणि अडॅप्टरच्या पोटातली चिप यांवर ठरते.

दुकानात ‘डोंगल’ मागितले की दोन अगदी भिन्न वस्तू समोर येऊ शकतात. एकीत सिम कार्ड बसते, ती थेट मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलते आणि तिला महिन्याचे रिचार्ज लागते. दुसरीत सिमची जागाच नसते आणि ती फक्त घरातील राउटरशी किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटशी जोडली जाते. येथे विचार दुसरीचा आहे. ही वस्तू वापरण्यास कोणताही परवाना लागत नाही, ही आज गृहीत धरली जाणारी सोय फार जुनी नाही. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी उपकरण बाळगण्यासही परवाना बंधनकारक केला होता आणि एके काळी घरच्या साध्या रेडिओसाठीदेखील टपाल कार्यालयात शुल्क भरावे लागे. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग घराबाहेरच्या वापरासह २०१८ साली मोकळा करण्यात आला. गिगाहर्ट्झ हे लहरींच्या वारंवारतेचे एकक असून २.४ गिगाहर्ट्झची लहर एका सेकंदात २४० कोटी वेळा कंप पावते. अशा लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीहूनही कमी भरते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर असते. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत अधिक अडते, असा साधारण अनुभव आहे. त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एका खोलीत वेगवान आणि दोन भिंतींपलीकडे निकामी ठरू शकतो.

हा भिंतीचा मुद्दा कोयनेच्या खोऱ्यात जरा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण येथील घरांच्या बांधणीत भूकंपाचा इतिहास मिसळलेला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या, सहाहून अधिक महत्तेच्या भूकंपात सर्वाधिक पडझड झाली ती चिखलात बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींच्या घरांची. या भूकंपानंतर भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानकात १९७० साली दुरुस्ती होऊन देशाच्या भूकंपप्रवण विभागांचा नकाशा नव्याने आखला गेला, आणि सिमेंटचे खांब, जोत्याच्या, खिडक्यांवरच्या व छताखालच्या पातळीवर भिंतींना बांधून ठेवणारे सळईयुक्त पट्टे ही अशा प्रदेशातील सुरक्षित घराची ओळख बनली. परिणामी आज या खोऱ्यात तीन तऱ्हांची घरे शेजारी शेजारी दिसतात: दगडी भिंतींची जुनी घरे, विटांची आणि सळईयुक्त काँक्रीटची नवी घरे, आणि ज्यांच्या छपराला किंवा पावसाच्या बाजूच्या भिंतीला लोखंडी पत्रा मारलेला आहे अशी घरे. रेडिओलहरीच्या दृष्टीने या तिन्हींची वागणूक वेगळी आहे.

काळ्या पाषाणाच्या दीड-दोन फुटी भिंतीतून जाताना लहरीची शक्ती दगडात शोषली जाते आणि भिंत ओली असेल तर आणखी शोषली जाते, कारण पाणी या वारंवारतेच्या लहरी चांगल्याच गिळते. काँक्रीटच्या भिंतीत शोषणाबरोबर सळयांच्या जाळीचा प्रश्न येतो: जाळीची घरे लहरीच्या लांबीच्या तुलनेत लहान असतील तर लहर परत फिरते आणि बरीच मोठी असतील तर पलीकडे निघून जाते. स्लॅबमधील सळया साधारणपणे दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर असतात आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, म्हणजे दोन्ही मापे एकाच पंक्तीत बसतात. म्हणून स्लॅबच्या वरच्या मजल्यावर जोडणी मिळते, पण अशक्त होऊन. लोखंडी पत्र्याचा मामला सरळ आहे. त्यावर आदळलेली लहर जवळजवळ सगळी परावर्तित होते. राउटर आणि संगणक एकाच पत्र्याखाली असतील तर त्याने बिघडत नाही, उलट परावर्तनाने कोपऱ्यापर्यंत लहर पोहोचण्यास मदतही होते. मात्र दोहोंच्या मध्ये पत्र्याची आडभिंत असेल, तर लहरीला दार-खिडकीच्या फटीवाटेच जावे लागते. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी आणि पाण्याने भरलेली टाकी हेही असेच अडसर आहेत, आणि जागा ठरवताना त्यांचा विचार सहसा कोणी करत नाही.

ही घट मोजण्याचे एकक डेसिबल आहे आणि त्याचा हिशेब बेरजेचा नसून पटींचा असतो. दहा डेसिबलने घट झाली की शक्तीचा एक दशांश उरतो, वीस डेसिबलने झाली की एक शतांश. संगणकावर किंवा मोबाइलवरील वाय-फाय तपासणाऱ्या अॅपमध्ये ‘उणे पन्नास’, ‘उणे सत्तर’ असे जे आकडे दिसतात ते एक मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग, हा पाया धरून मोजलेले असतात. उणे सत्तर याचा अर्थ मिलिवॉटचा एक कोट्यांश एवढीच शक्ती अँटेनापर्यंत पोहोचली. आश्चर्य असे की एवढ्याशा शक्तीवरही जोडणी चालते. उणे पन्नासला ती उत्तम, उणे साठ-पासष्टला समाधानकारक आणि उणे ऐंशीच्या खाली बेभरवशाची असते. संकेत क्षीण झाला की दोन्ही बाजूंचे संच आपोआप सावकाश बोलू लागतात, म्हणजे एका वेळी कमी माहिती लहरीवर चढवतात, जेणेकरून चुका होऊ नयेत. पडद्यावर जोडणी ‘कनेक्टेड’ दिसत असूनही पान उघडत नाही, यामागे अनेकदा हेच कारण असते.

कोयनानगरच्या बाबतीत आणखी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाबळेश्वराजवळ उगम पावून सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहणारी कोयना हेळवाकपाशी जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पुढे कराडला कृष्णेस मिळते. या वळणाच्या आसपास वसलेल्या गावांभोवती डोंगरांच्या उंच कडा उभ्या आहेत आणि मोबाइलच्या मनोऱ्यापासून येणारी लहर त्या कडांमुळे अडते. पण ही अडचण मनोरा ते घर या टप्प्याची आहे, राउटर ते संगणक या टप्प्याची नव्हे. नवा, महागडा अडॅप्टर आणल्याने दुसरा टप्पा सुधारतो, पहिला तसाच राहतो. जेथे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतले जाते, तेथे फोन संगणकाशेजारी ठेवण्याची सवय असते आणि पत्र्याखालच्या आतल्या खोलीत फोनलाच मनोरा सापडत नाही. अशा वेळी फोन मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवून तेथपर्यंतचे अंतर अडॅप्टरवर सोपवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पावसाबद्दलचा समजही याच गोंधळातून आलेला आहे. वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागात जोराच्या सरीत टीव्हीची डिश बंद पडते हे सर्वांनी पाहिलेले असते, आणि त्यावरून घरातले वाय-फायही पावसानेच मंदावते असा निष्कर्ष काढला जातो. डिशवर येणारी लहर सुमारे १२ गिगाहर्ट्झची असून तिला ढग आणि पाऊस यांचा कित्येक किलोमीटरचा थर भेदून यावे लागते, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला घरातल्या दहा-वीस मीटरांत पावसाच्या थेंबांमुळे होणारी घट नगण्य असते. आषाढात वाय-फाय खरोखर मंदावले तर शंका घ्यावी ती भिजलेल्या भिंतीवर, तुटलेल्या केबलवर आणि वीज गेल्याने बंद पडलेल्या मनोऱ्यावर.

अडॅप्टर बसवण्याच्या जागेकडे वळले तर पहिली चूक बहुधा संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये होते. पोर्ट म्हणजे यूएसबीची खाच. टेबलावरच्या संगणकाची पेटी पत्र्याची असते, ती टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि मागे खोचलेला अडॅप्टर त्या पत्र्याच्या व भिंतीच्या सांदीत अडकतो. भिंत भेदून कशीबशी आलेली लहर अखेरच्या वितीत अडते. यावर एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर, शक्यतो राउटरच्या दिशेच्या मोकळ्या बाजूस आणणे हा उपाय इतका परिणामकारक आहे की महाग अडॅप्टरचा विचार त्यानंतरच करावा. यूएसबी २.० च्या मानकानुसार केबलची लांबी पाच मीटरच्या पुढे जाऊ नये, आणि स्वस्त पातळ केबलमध्ये त्याआधीच विद्युतदाब घसरतो. प्रक्षेपण करताना अडॅप्टरला बराच प्रवाह लागतो, यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर देऊ शकतो, पण जुन्या संगणकाच्या पुढच्या पोर्टला जोडणारी आतली तार सैल किंवा गंजलेली असेल तर अडॅप्टर मधूनच नाहीसा होतो आणि पुन्हा प्रकटतो. दमट हवेच्या या गावांत ही शक्यता विचारात घ्यायलाच हवी.

यूएसबी ३.० च्या, आतून बहुधा निळ्या असलेल्या पोर्टबाबत एक विरोधाभास आहे. हा पोर्ट अधिक वेगवान असूनही त्यातून धावणाऱ्या संकेतांचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात तो मोजून दाखवला होता. शेजारच्या निळ्या पोर्टवर बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना वाय-फाय ढेपाळते ते यामुळे. दोन उपकरणांत अंतर ठेवले, किंवा राउटर व अडॅप्टर दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर नेले, की प्रश्न सुटतो.

डब्यावरच्या आकड्याविषयी आता थोडक्यात. ‘एसी ६००’ यातील ६०० हा आकडा एका पट्ट्यावरचे ४३३ आणि दुसऱ्यावरचे सुमारे १५० मेगाबिट यांची बेरीज करून, वर गोल करून छापलेला असतो. ‘एसी १३००’ मध्ये ८६७ आणि ४०० यांची बेरीज असते. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलत असल्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. शिवाय वाय-फायमध्ये एका क्षणी एकच जण बोलू शकतो, इतरांना थांबावे लागते, आणि माहितीच्या प्रत्येक पुडक्याची पोच द्यावी लागते. त्यामुळे छापील वेगाच्या निम्मा वेग हातात पडला तरी ते चांगले मानावे. यूएसबी २.० चा पोर्ट कागदावर ४८० मेगाबिट वाहून नेतो, पण व्यवहारात सुमारे ३०० च्या आसपास थांबतो, म्हणून जुन्या संगणकात ‘एसी १३००’ खोचणे हा पैशांचा अपव्यय आहे. घरी घेतलेली इंटरनेटची योजनाच ३० किंवा ६० मेगाबिटची असेल तर मग हा सगळा हिशेब शोभेचा ठरतो. दोन्ही पट्टे चालणारा साधा अडॅप्टर, आणि शक्य तर बाहेर निघालेली अँटेना असलेला, एवढी निवड बहुतेक घरांना पुरते. नखाएवढ्या ‘नॅनो’ अडॅप्टरची अँटेना तितकीच लहान असते आणि जाड भिंतीच्या घरात ती कमी पडते.

वेगाच्या आकड्यापेक्षा आत कोणती चिप आहे हे जाणणे उपयुक्त, कारण ड्रायव्हर चिपचा असतो, ब्रँडचा नव्हे. ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीला एखाद्या उपकरणाशी कसे बोलावे हे शिकवणारा छोटा कार्यक्रम. बाजारात डझनावारी नावांचे अडॅप्टर असले तरी त्यांतील चिप बहुतांशी रिअलटेक, मीडियाटेक यांसारख्या मोजक्या उत्पादकांच्या असतात. उत्पादक नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात ही यातली खरी मेख आहे. टीपी-लिंक कंपनीच्या ‘टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन’ या प्रसिद्ध अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि ती लिनक्स या कार्यप्रणालीवर विनासायास चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली आणि लिनक्सवर तोवर सुरळीत चाललेली वाट खडतर झाली. म्हणून डब्याच्या खालच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेला आवृत्तीचा क्रमांक खरेदीपूर्वी वाचावा.

विंडोज १० आणि ११ मध्ये बहुसंख्य चिपचे ड्रायव्हर आधीच असतात किंवा आपोआप उतरवले जातात. मात्र आपोआप उतरवण्यासाठी इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठीच तर अडॅप्टर आणलेला असतो. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून त्याच्या सेटिंगमधील ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करणे, म्हणजे फोनमधले इंटरनेट तारेवाटे तात्पुरते संगणकाला देणे. काही अडॅप्टर स्वतःच्या पोटात ड्रायव्हर बाळगून येतात: पहिल्यांदा खोचल्यावर ते सीडी असल्याची बतावणी करतात, तिच्यातील कार्यक्रम चालवून ड्रायव्हर बसला की मग खरे रूप धारण करतात. डब्यातून खरीखुरी सीडी मिळाली तर ती बाजूला ठेवलेली बरी, कारण तिच्यातील ड्रायव्हर जुना असतो आणि आजच्या संगणकांत सीडीची खाचही उरलेली नाही. ड्रायव्हर बसला की नाही हे ‘डिव्हाइस मॅनेजर’ या यादीत दिसते. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर चुकीचा किंवा अपुरा आहे असे समजावे. याच यादीत अडॅप्टरच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची संगणकाला दिलेली मुभा असते, आणि टेबलावरच्या संगणकात ती काढून टाकल्यास काही वेळ काम थांबल्यावर जोडणी तुटण्याची तक्रार दूर होते.

ज्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे त्याच्यासाठी नव्या चिपचे ड्रायव्हर मिळणे दुरापास्त झाले आहे. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरीही सातबाराचा उतारा काढणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे यांसारखी कामे अशा संगणकांवर होत राहतात, आणि अशा यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली बसवून तिच्या यादीत असलेल्या चिपचाच अडॅप्टर घेणे हा अधिक टिकाऊ पर्याय आहे.

जोडणीचा शेवटचा भाग फारसा अवघड नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर दाबून आपल्या राउटरचे नाव निवडावे आणि पासवर्ड द्यावा. राउटरवर डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षापद्धत निवडलेली असावी, कारण त्याआधीची डब्ल्यूईपी पद्धत २००१ सालीच भेदली गेली आहे. जुना अडॅप्टर डब्ल्यूपीए ३ ओळखत नसेल, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो आणि दोष पासवर्डला दिला जातो; राउटरवर दोन्ही पद्धतींचा संयुक्त पर्याय निवडल्यास हा घोळ मिटतो. जोडणी दिसते पण पान उघडत नाही अशा वेळी संगणकाला मिळालेला अंकी पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला असून अडॅप्टर आपले काम करतो आहे आणि दोष राउटरच्या पलीकडे शोधावा, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता राउटरकडून आलाच नाही, संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीत भिंतीला भिंत लागून घरे असल्याने शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही होते, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे तीनच मार्ग असल्यामुळे राउटरवर त्यांतील कमी गर्दीचा निवडावा. दूर विखुरलेल्या वाडीतल्या घराला ही चिंता नसते.

राहिला विजेचा विषय. कोयनेचे पाणी एकूण १९६० मेगावॉट क्षमतेच्या वीजगृहांची जनित्रे फिरवते, पण जंगलातून आणि घाटांतून गेलेल्या तारांवर फांदी पडली की खोऱ्यातील वाड्या अंधारात जातात, आणि वीज परत येते ती अनेकदा झटक्यासह. राउटरला छोटा यूपीएस जोडला तर जोडणी टिकते. अडॅप्टरला वेगळी सोय नको, तो संगणकाच्याच विजेवर चालतो. वळवाच्या दिवसांत कडाडणाऱ्या विजेचा धोका मात्र निराळा आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून राउटरमध्ये शिरलेला झटका नेटवर्कच्या केबलने पुढे संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत जातो. बिनतारी जोडणीत मध्ये धातूचा दुवाच नसल्यामुळे त्या वाटेचा झटका राउटरपाशी संपतो. दोन्ही उपकरणांना वीजपुरवठा करणारी घरातली वायरिंग एकच असल्याने दुसरी वाट उघडी राहते, आणि तिच्यासाठी गडगडाट जवळ आला की संगणकाचा व राउटरचा प्लग भिंतीवरच्या बोर्डातून काढून ठेवावा लागतो; नुसते बटण बंद केल्याने तारा बोर्डाला जोडलेल्याच राहतात.